निंबावरचे बूट

लालबागच्या मैदानावर मी रोज सकाळी फिरायला जातो. तिथे फौजेतले एक निवृत्त हवालदार भरतीची तयारी करणाऱ्या पोरांकडून पळायचा सराव करून घेतात. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना फौजीच म्हणतात.

त्यांनी एक रिवाज पाडला होता. जो फौजेत लागेल, त्यानं जाताना आपले पळायचे बूट कडेच्या निंबाला टांगायचे. ज्याच्याकडे नसतील, तो ते घेई.

मग फौजेतली भरती फक्त चार वर्षांपुरती झाली. त्या साली जवळच्या फोपनार गावचा एक पोरगा लागला. पेढे वाटून तो बूट टांगायला गेला, तर फौजी म्हणाले, "राहू दे बेटा. चार साल बाद तुलाच लागतील."

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. पोरानं बूट काखेत मारले आणि मान खाली घालून गेला.

"सर, जाणाऱ्याला असं बोलायचं नव्हतं," फौजी मला नंतर कितीदा तरी म्हणाले.

त्यानंतर लागलेल्या एकाही पोरानं निंबाला बूट टांगले नाहीत. परवा एक नवा पोरगा अनवाणीच पळत होता. फौजी त्याच्या वाटेतले खडे वेचत होते.