जावयाने पाहिलेले बांगडे

मी सावंतवाडीच्या एका शाळेत चोवीस वर्षं विज्ञान शिकवतो आणि प्रकाशाचा धडा मला तोंडपाठ आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

माझी सासुरवाडी तोंडवलीची. सासरे, म्हणजे तात्या, तिथल्या रापणीचे टेहळे. वाळूच्या उंचवट्यावर उभं राहून पाण्याच्या रंगावरून मासळीचा थवा ओळखायचा आणि हात वर करायचा, हे त्यांचं काम. हात वर झाला की होडी जाळं सोडत वळसा घेते आणि सगळी वाडी किनाऱ्यावरून दोर ओढते. यंदा मात्र मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तात्यांचे दोन इशारे वाया गेले होते. तिसरा चुकला तर म्हाताऱ्याला खाली बसवायचं, अशी कुजबुज सुरू होती. "चाळीस वर्सां ह्यो हात वर केलंय," तात्या म्हणायचे, "आता तो खंय ठेवू?" ऐकून जीव तुटायचा.

त्यात मेव्हण्याने, दिलीपने, घरात पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या आणि जाहिरातीला रापणीची फिल्म हवी म्हणाला. मी ड्रोन घेतला. (जावयाला नको कोण म्हणणार?) पहिल्या फिल्ममध्ये लाटा उचकी लागल्यासारख्या दिसत होत्या. मग मी फिल्टरची डबी मागवली आणि बायकोला, सुरेखाला, समजावू लागलो.

"हे बघ, उन्हात कॅमेरा फार भराभर डोळा मिटतो. ही काळी काच लावली की उजेड कमी जातो, तो सावकाश मिटतो आणि लाटा वाहत्या दिसतात."

"म्हणजे बरा दिसूक व्हया म्हणान डोळ्यार झापड बांधूची?"

"तसं नाही गं."

"मगे कसा?"

मी उत्तराऐवजी डबी उघडून दाखवली. डबीत सहा काचा होत्या. आठ, सोळा, बत्तीस असे आकडे. आकडा मोठा तेवढी काच काळी. तीन नुसत्या काळ्या आणि तीन काळ्या असून शिवाय पाण्यावरची चकाकी मारणाऱ्या. एका दगडात दोन पक्षी म्हणून मी दुसऱ्या प्रकारातली सोळाची लावली. ही काच जमिनीवरच फिरवून बसवावी लागते. ड्रोन वर गेला की हात पोचत नाही. तेव्हा रापणीच्या दिवशी उंचवट्यावर तात्यांच्या शेजारी, सगळ्या रापणकरांच्या देखत, मी ड्रोन समुद्राकडे धरून, जुन्या टीव्हीचा अँटेना फिरवावा तशी काच फिरवत बसलो. चकाकी गेली आणि मी ड्रोन उडवला.

काय सांगू! हातातल्या रिमोटच्या पडद्यावर समुद्राचा तळ दिसायला लागला. आणि उजव्या अंगाला एक भलामोठा काळसर डाग! ड्रोन सरकला की डागही सरकायचा.

"तात्या, बांगडे! केवढा थवा आहे!" मी ओरडलो.

तात्यांनी कपाळावर हात धरून पाणी न्याहाळलं. "माका कायएक दिसणा नाय," ते हळूच म्हणाले.

रापणकर एकमेकांकडे बघू लागले. तात्यांना दिसत नाही, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. आणि चारचौघांत जावयाला खोटं पाडायची आमच्याकडे रीत नाही. "जावयबापू म्हणतत, तर आसतले," असं म्हणून तात्यांनी हात वर केला. होडी सुटली.

चाळीस माणसं दोराला लागली. मी म्हटलं, तोवर दिलीपच्या खोल्यांचंही चित्रण उरकू. ड्रोन जमिनीकडे वळवला. तर डागही वळला! समुद्रातून निघाला, वाळू ओलांडली, सुरूच्या बनावरून वर चढला आणि आभाळात जाऊन बसला. बांगडे उडतात का, असा विचार मी, चोवीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने, दोन क्षण खरोखर केला.

मग उजेड पडला. ही काच सगळीकडे सारखी चालत नाही. जिथे चकाकी जास्त मरते, तो भाग काळा दिसतो, मग ते पाणी असो की आभाळ. धड्यात होतं हे. स्वाध्यायातला तिसरा प्रश्न! पण जाळं पाण्यात होतं. मी ड्रोन उतरवला, मुकाट्याने दोर धरला आणि तासभर, सगळ्यांपेक्षा जास्त जोर लावून, काहीही नसलेलं जाळं ओढलं.

जाळ्यात चार खेकडे आणि एक चप्पल आली.

कोणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळे तात्यांकडे बघत होते. "तात्यानू," रापणकरांचा म्होरक्या अदबीने म्हणाला, "आता तुम्ही आराम करा."

"थांबा, चूक माझी आहे," मी म्हणालो. "थवा नव्हताच. काचेचा डाग होता."

"नाय नाय जावयबापू, तुमची कशी चूक?"

"अहो, माझीच!"

"तुम्ही मोठ्या मनाचे," म्होरक्या म्हणाला. माझा कबुलीजबाब कोणी घेईचना! शेवटी मी ड्रोन परत उडवला, पडदा म्होरक्याच्या नाकासमोर धरला आणि आभाळातला थवा दाखवला. त्याने बोटाने पडदा पुसून बघितला.

"म्हणजे पाण्यात कायच नव्हता?" तात्यांनी विचारलं.

"काहीच नव्हतं."

"आणि माका दिसणा नाय म्हणालंय, तां बरोबर होतां?"

"अगदी बरोबर, तात्या."

तात्या वळले. चाळीस माणसांसमोरून हळूहळू चालत गेले आणि उंचवट्यावर आपल्या जागी उभे राहिले. म्होरक्याने मान डोलावली.

तात्या अजून टेहळे आहेत. पण मी तोंडवलीला असलो की रापणकर जाळं टाकण्याआधी मलाही आवर्जून विचारतात, "जावयबापू, तुमका मासळी दिसता काय?" मी दिसते म्हणालो, तर विडी पेटवून बसतात, नाही म्हणालो, की होडीकडे धावत सुटतात.