हिंदुरावांचा पदर

"लुगडं नेसून रस्त्यावर उभं राहायचं तेवढं राहिलं होतं," रंभाबाई पीठ मळता मळता नवऱ्याला म्हणाल्या.

"नेसायचं कुटं हाय? आरसाच नेसवतोय," हिंदुराव म्हणाले.

"मग पगार पन आरशालाच द्या म्हनावं की."

नव्या पेठेतल्या महेश्वरशेठच्या दुकानात हिंदुराव ऐन जवानीपासून साड्या दाखवत आले. गादीवर बसून एका झटक्यात साडी उलगडायची, बाई घुटमळली की उठून पदर स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा आणि निऱ्या पोटाशी धरून उभं राहायचं. एवढ्या भरघोस मिशीचा माणूस, पण कुणी कधी हसलं नाही. बायका त्यांना बघतच नसत; पदर बघत.

दिवाळीनंतर शेठनी टीव्हीसारख्या पडद्याचा आरसा आणला. समोर उभं राहिलं की चारी बाजूंचे कॅमेरे टिपतात आणि घडी न मोडता हवी ती साडी अंगावर दिसते. गादी निघाली. रस्त्याच्या बाजूला तसाच दुसरा पडदा बसला, दुमजली. गिऱ्हाईक तयार असलं की आरशातलं चित्र बाहेर झळकतं.

परवा मैंदर्गीची एक नवरी हौसेनं बाहेर झळकायला तयार झाली. आरशात हिरवा शालू दिसत होता, पण तिला ठरवता येईना. "कापड कसं पडतंय ते कळंना," ती म्हणाली. हिंदुरावांना राहवलं नाही. त्यांनी कपाटातला शालू काढला, पदर खांद्यावर घेतला आणि सवयीनं तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. आरशाला वाटलं, हेच गिऱ्हाईक. बाहेर दोन मजले उंच हिंदुराव, मिशीसकट, हिरव्या शालूत. आत त्यांची आरशाकडे पाठ. ते मन लावून पदर डावीकडून, उजवीकडून दाखवत राहिले. रस्त्यावर रिक्षा थांबल्या, मोबाईल वर झाले. नवरीही हसत सुटली. पदराकडे तिनं पाहिलंच नाही.

शेठ रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी जवळ बसवून म्हणाले, "हिंदुराव, साडी बघायला कुणी थांबत नाही, तुम्हाला बघायला थांबतात. रोज संध्याकाळी आरशापुढं उभं राहायचं. दुसरं काम आता दुकानात नाही."

"कॉलेजात सगळ्यांकडं तो व्हिडिओ आलाय, बाबा," लेक संस्कृती घराच्या दारातूनच म्हणाली. "मी मागच्या गेटनं जाते."

"दुसऱ्या दुकानात विचारा," रंभाबाई म्हणाल्या.

"इचारलं. तितंबी आरसे बसवायलेत."

"मग गोदामात घड्या घाला."

"घडी मोडतंय कोन आता?"

रंभाबाईंनी पीठ झाकून ठेवलं. दोरीवर रंभाबाईंचं लुगडं वाळलं होतं. हिंदुरावांनी ते काढलं, काठाला काठ जुळवून घडी घातली, तळव्यानं दाबून सपाट केली आणि बायकोपुढे ठेवली. रंभाबाईंनी ते उचललं नाही.

"उद्यापासनं माज्यासाठी जेवायचं थांबू नका," ते म्हणाले. "संध्याकाळी मी पडद्यावर असतो. शेठ मिशी ठेवा म्हनालेत, ती ठेवतो."