येते म्हण

कोन गावातल्या आमच्या चंद्रावतीवैनी म्हणजे आरोग्य खात्याच्या आशाताई. पनवेलहून मनाच्या आजारांचं प्रशिक्षण घेऊन आल्या, तेव्हा मी विचारलं, "वैनी, माझं डोकं कदी तपासणार?"

"आदी हाय का नाय, ते बघते!"

शेजारची समीक्षा बाळंतपणापासून गप्प गप्प होती. वैनी रोज तिच्याजवळ बसायच्या. "माणूस बोलायला लागला की मदी तोडायचं नाय, ऐकायचं, असं शिकवलंय," म्हणायच्या. पण समीक्षा बोलतच नव्हती. फक्त वैनींच्या पिठल्याचं कौतुक करायची, म्हणजे आजार खराच होता.

एका दुपारी तिने बाळ वैनींच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "वैनी, जाते मी."

निघताना असं कुणी म्हणतं का? वैनींच्या तोंडून आपसूक निघालं, "जाते नको गो, येते म्हण!"

समीक्षा जराशी हसली. "येते," म्हणाली. संध्याकाळी तिचा देहच सापडला.

आता वैनींकडून कुणी 'येतो' म्हणून उठलं, तरी त्या मनगट सोडत नाहीत. "कुटं चाललास? खरं सांग." पाहुण्यांची एसटी चुकते. परवा मीही तसाच बसून राहिलो. वैनी माझ्याकडे बघत होत्या आणि मला एकही विनोद सुचत नव्हता.