बोअरच्या तोंडावर मी बसले तेव्हा

आमच्याकडं बोअर कोरडा गेला तरी माणूस तो बुजवायला तयार होत नाही. पुढच्या पावसाळ्यात झरा सुटेल, असं मनात असतं. बुजवलं म्हणजे आपणच पाण्याला नको म्हणल्यागत वाटतं बघा.

माझ्या धाकट्या दिरांचं तेच झालं. येरमाळ्याच्या रस्त्याला आमचं रान. पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली, आणि खालून निघाला नुसता फुफाटा. बोअरची गाडी गेल्यावर भाऊजींनी आतला केसिंग पाईप उपसून घेतला, दुसऱ्या बोअरला कामाला येईल म्हणून. पाईप निघाला की तोंडाची माती ढासळते, भोक रुंद होतं. त्यावर एक पोतं, पोत्यावर दगड. झाला बंदोबस्त!

मीही रोज तिथनं जायची. बघायची आणि पुढं जायची, ते खोटं कशाला सांगू?

मग तुरीत खुरपायला बाया आल्या. एकीची पोर नुकती चालायला लागलेली. तिनं बाभळीला झोळी बांधून पोर निजवली. दुपारी भाकरी सोडायला आलो, तर झोळी रिकामी! पोर बोअरपाशी बसून पोतं ओढत होती. दगड कलंडलेला, पोत्याचं एक टोक आत लोंबत होतं. आईनं झडप घालून तिला उचललं.

मी गोठ्याचं जुनं फाटक ओढत आणलं, भोकावर आडवं टाकलं आणि त्यावर बसले. भाऊजींना बोलवायला बाई धाडली.

"वहिनी, उठा की. पोतं नीट झाकतो," भाऊजी आल्या आल्या म्हणाले.

"पोत्यानं पोर अडती व्हय? ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काय लावलंय, वाचलं का?"

"तुमी वाचलं का?" ते हसले.

मी शाळेत दुसरीपर्यंतच. पुढचं वाचन नातवंडांच्या पुस्तकातनं, चुलीपुढं बसून. पण तो कागद मी पुरा वाचला होता. म्हणून दाखवला, "बंद बोअर दगड, माती, मुरुमानं जमिनीपातूर भरायचा. चालू असंल तर तोंडाला लोखंडी झाकण घट्ट बसवायचं, भवती कुंपण करायचं. पोत्याचं नाव कुठंच न्हाय त्यात."

"आन पुढच्या साली पाणी आलं तर?"

"तर शेजारी दुसरा मारा. नारळ मी धरते!"

बाया खदाखदा हसल्या.

"सांजच्याला सैपाक कोन करंल?" भाऊजींनी विचारलं.

"तुमी करा. म्या आज हितनं हालत न्हाय."

भाऊजी काही बोलणार होते, तेवढ्यात त्यांची नजर पोरीवर गेली. आईच्या मांडीवर ती भाकरीचा काठ चघळत होती. ते फिरले आणि ट्रॅक्टर घेऊन आले, ट्रॉलीत दगड, मुरूम भरून.

मी फाटक बाजूला केलं, पण पोरीला आणि आईला लांब बसवून स्वतः तिथंच उभी राहिले. पहिला दगड भाऊजींनी हातानं सोडला आणि मान वाकडी करून कान दिला. बऱ्याच वेळानं खालनं आवाज आला, ठक्. कोरडा.

"न्हाय पाणी," ते हळूच म्हणाले, आणि मग ट्रॉली रिकामी होईस्तोवर थांबले नाहीत.

जमीन सपाट झाल्यावर मी त्या जागेवर दोनदा पाय आपटून बघितले. मगच भाकरी खाल्ली.