युजीनचं स्वच्छ बावखल

गिरीज गावात आमच्या शेजारच्या वाडीत युजीन राहतो. साठीला आला, तरी केळीच्या पानाला भोक दिसलं की कपाळाला आठी पडते. बरोबरीचे नोकरीला गेले, हा वाडीतच राहिला. बायको म्हणायची, हा माझ्यापेक्षा बावखलाशी जास्त बोलतो. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. उन्हाळ्यात त्याचा गाळ काढून केळींना घालायचा, हे त्याला बापाने शिकवलेलं.

मे महिन्यात त्याच्या मेलिसाचं लग्न होतं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बाजा लावून बावखलावर पाणी आणायला जातात. मेलिसा म्हणाली, पप्पा, शूटिंगवाले येणार आणि पाणी बघा कसं हिरवंगार. पोरीच्या शब्दापुढे बापाची अक्कल किती टिकते? पानवेलीवर बुरशीसाठी मारायचा मोरचूद घरात पडून होता. तो युजीनने बावखलात सोडला.

शेवाळ मेलं, पाणी काचेसारखं झालं. वऱ्हाडाने वाहवा केली, मीही केली. मंडप उतरला आणि बारीक मासे उलटे तरंगायला लागले.

काठाच्या मातीत खंड्याचं बीळ होतं, आत पिल्लं. आसपासची बावखलं बुजवून इमारती झालेल्या, आणि पलीकडच्या वाडीतली जयवंती मासे पाळते, तिच्या बावखलावर जाळी. खंड्या जाणार कुठे? बांबूवर बसून नुसता पाण्याकडे बघायचा. युजीनला जेवण जाईना. बाजारातून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, आणून काठावर ठेवली, ती कावळ्यांनी नेली.

शेवटी तो जयवंतीकडे जिवंत मासे मागायला गेला. ती तोंडाची फटकळ.

"का हो युजीनभाऊ, पाव्हण्यांना हिरवं नको होतं ना दाखवायला?"

"दाखवून झालं," तो म्हणाला. "आता खायला घालायचंय."

तिने हंडाभर मासे दिले. ते त्याने टबात सोडून टब काठाशी ठेवला. मी जवळ बसले होते. म्हणाला, "मावशी, मी मासे मारायला नव्हतो गेलो. शेवाळच मारलं फक्त."

"अरे, ऊन खाता येतं ते त्या शेवाळालाच. त्याच्यावर किडे, किड्यांवर मासे, माशांवर खंड्या. जो तो खाल्लेलं आपल्याच जगण्यात खर्चतो आणि उरलंसुरलं पुढे देतो. खाली टोपलीभर हिरवं, तेव्हा वर चिमूटभर पोचतं. तू तर चूलच विझवलीस."

बोलले आणि वाटलं, मेलेल्याला काय मारायचं.

तेवढ्यात खंड्याने टबात सूर मारला. युजीनने माझं मनगट धरलं. खंड्या मासा घेऊन बांबूवर बसला, आपटला आणि स्वतःच गिळला. दुसराही तसाच. बिळाकडे गेलाच नाही. बिळातून पिल्लांचा आवाजही नव्हता.

"मावशी, आत नेत नाही तो."

युजीन उठला आणि टब ओढत सावलीत नेला. म्हणाला, पाणी तापलं तर हेही मरतील.