मातीच्या बैलाचा शेवट

ओंकारला हे माहीत नाही, होस्टेलवर कुणाला नाही, घरी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — कारण आता त्या गाण्याचं नाव काढलं तरी माझं डोकं उठतं. "शेवट कसा सुचला रे?" कॅन्टीनमध्ये तेच, कॉलेज रोडच्या टपरीवर तेच. परवा तर केमिस्ट्रीच्या तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या सरांनीही तेच विचारलं. सर, टायट्रेशनचं विचारा ना काहीतरी!

गाणं आमच्या बँडचं. ओंकारचं गिटार, ढोलकी, आणि आमच्या सुरगाण्याकडे फुंकून वाजवतात ती लांब भोपळ्याची पावरी. लहान मुलांच्या एका जुन्या पुस्तकावरून ते करायचं, ही कल्पना ओंकारची. मातीचा बैल नदीपलीकडच्या जत्रेला निघतो, एवढीच गोष्ट. नाशिकच्या मुलांच्या घरी ते पुस्तक असतंच म्हणे. ओंकारने विचारलं, "तू वाचलंयस ना?" मी म्हणालो, "म्हणजे काय!"

नव्हतं वाचलं. गोष्ट तेवढी माहीत होती, कारण ताई सांगायची. ती आश्रमशाळेत होती, तिथे तिने ते पुस्तक वाचलेलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली की नागली कापता कापता सांगायची, बैलाचा आवाज काढून. मी पाच-सहा वर्षांचा असेन. आठवीनंतर तिची शाळा सुटली. लग्न झालं, आता दिंडोरीकडे द्राक्षबागांमध्ये कामाला जाते.

तर मी तिच्याकडून ऐकलं होतं तसंच गाणं लिहिलं. शेवटी बैल नदीत उतरतो, विरघळतो. गाळ वाहत पलीकडच्या काठाला लागतो आणि जत्रेतली पोरं त्या गाळाचे दहा बैल करतात. पहिल्याच तालमीला ओंकार ओरडला, "अरे, शेवटच बदललास! बाप आहेस तू!" मला काही कळेना. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "हो, मुद्दामच."

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत उभ्या उभ्या पुस्तक वाचलं. त्यात कुंभाराची मुलगी येते, बैलाला ओढणीत गुंडाळून घरी नेते. बस. विरघळणं नाही, दहा बैल नाहीत. ताईने चुकीचं वाचलं की मी चुकीचं ऐकलं — तेव्हा विचारसुद्धा केला नाही. पुढे गाण्यांच्या स्पर्धेत परीक्षकबाईंनी शेवटाचं कौतुक करून माइक माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "मला वाटलं, पोहोचायचं तर आधी विरघळावं लागतं." टाळ्या! आरशासमोर पाठ केलेलं वाक्य होतं ते. आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पण एवढंच असतं तर ओंकारला चहा पाजून, खरं सांगून कधीच मोकळा झालो असतो. पुढचं आहे — तेच बोलवत नाही.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा ताई माहेरी आली होती. भाचीने मोबाईलवर गाणं लावलं. ताई भाकरी थापत होती. शेवटचं कडवं आलं आणि तिचे हात थांबले.

"काय रं, पुस्तकात बी असंच हाय?"

पुस्तक तर तिनेच वाचलेलं. हे ती मला का विचारतेय?

"आमच्या पुस्तकाची मागची पानं वाळवीनं खाल्लेली," ती म्हणाली. "बैलाचं काय झालं, मला काय ठावं? तू रडायला लागायचा, म्हणून मी आपलं कायबाय जोडलं. लय वर्सं मनात होतं — खरं काय असंल?"

एक वाक्य पुरलं असतं. नाही ताई, पुस्तकात नाही, ते तुझं आहे. अवघड होतं का ते? खोलीत परीक्षक नव्हते, माइक नव्हता. तवा तापत होता आणि माझी बहीण मला एक साधी गोष्ट विचारत होती. पण ते तिचं म्हटलं, तर गाण्यात माझं काय उरत होतं? चाल ओंकारची, पावरी गावाची. मी म्हणालो, "हो. अगदी असंच आहे."

"बघ! बरोबर वळखलं मी!" ती इतकी खूश झाली, की भाकरी करपली.

कॉलेजात सांगितलं, शेवट माझा. तिला सांगितलं, पुस्तकाचा. तिचा आहे, हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही — तिलासुद्धा नाही.

मी निघालो तेव्हा भाची तिला विचारत होती, दहा बैल खरंच पुस्तकात आहेत का. "हाय ना," ताई म्हणाली. "मामानं वाचलंय. शिकलेला हाय तो, खोटं नाय सांगायचा."

मला ते नीट ऐकू आलं. मी पिशवी उचलली आणि जीपमध्ये जागा धरायला गेलो.