आईला वहिनी म्हणणारी माणसं

कोर्टात मोफत कायदेशीर सल्ल्याची एक खोली आहे. ज्यांना वकील परवडत नाही ती माणसं तिथे येतात आणि मंगळवारी त्यांच्यासमोर मी बसते. एका मंगळवारी नेपाळहून आलेलं एक जोडपं आलं. बसा म्हटलं तरी बसेना. तो हरिशंकरपुरम कॉलनीत चौकीदार, ती तिथल्याच घरांत धुणीभांडी करणारी. त्यांची पाच-सहा वर्षांची मुलगी महाराज बाड्यावरच्या बाजाराच्या गर्दीत हात सुटून हरवली होती. पोलिसांना सापडली, बालिकागृहात सुखरूप होती, पण आईच्या ताब्यात मिळत नव्हती.

“क्यों नहीं दे रहे?” मी विचारलं.

बाई बोलेचना. नवरा मान खाली घालून म्हणाला, “वो इसको भाउजू बोलती है, मैडम.”

भाउजू म्हणजे वहिनी. आईला बघताच मुलगी धावत आली, कमरेला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर ओरडली, “भाउजू!” ही कोण, असं विचारलं तर भाउजू. मग आई कुठे आहे, असं विचारल्यावर पोर गोंधळून गप्प. झालं! आई म्हणून आलेली बाई पोरीची वहिनी निघाली. जन्माचा दाखला कुणी कधी काढलेला नव्हता. नेपाळी मुलींना पळवून नेणारे लोक काही फक्त गोष्टींतच नसतात, म्हणून बालकल्याण समितीने मुलीला ठेवून घेतलं.

मला हसू फुटलं. बाईने अशा नजरेने पाहिलं की मी ओशाळले. “घर में देवर हैं?” मी घाईने विचारलं. होते. दोन दीर त्याच खोलीत राहायचे आणि सकाळपासून रात्रीपर्यंत भाउजू, भाउजू चालायचं. पोरीने तेच उचललं होतं.

मी हसले ते वेगळ्याच कारणाने. मीसुद्धा माझ्या आईला वहिनीच म्हणते. आमच्याकडे काका-आत्यांचा गोतावळा, सगळ्यांची ती वहिनी, म्हणून आम्हा भावंडांचीही. आमच्या लष्कर भागातल्या शाळेत बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “मम्मी को घर में क्या बुलाती हो?” मी म्हटलं, “वहिनी.” त्याचा अर्थ विचारला, तो सांगितला, “भाभी.” अख्खा वर्ग खिदळला. एवढी साधी गोष्ट या हिंदीवाल्यांना कशी कळत नाही, म्हणून मी घरी येऊन धुमसत बसले होते. तोच राग घेऊन मी समितीसमोर गेले.

समितीच्या अध्यक्षबाई कडक होत्या. त्यांचं काही चुकत नव्हतं, तरी मला त्यांचा रागच आला. शेजारी मुलीची आई ओढणीचं टोक चावत उभी होती. मुलीला इथेच ठेवतील किंवा कुठेतरी लांब पाठवतील, ही एकच धास्ती तिला होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. कायद्याची कलमं मी पाठ करून आले होते. ती राहिली बाजूला आणि तोंडातून निघालं, “मैडम, मैं अपनी माँ को आज तक भाभी कहती हूँ.”

त्यांनी चष्मा काढला. “आप?”

“हमारे मराठी घरों में कितने ही लोग कहते हैं. आप बच्ची से रिश्ता मत पूछिए, कुछ और पूछिए.”

आईला बाहेर थांबवून मुलीला आत आणलं. अध्यक्षबाईंनी जरा विचार केला. “बेटा, भाउजू के पेट में कौन था?”

“पहले मैं,” पोर लगेच म्हणाली. “फिर भाई. भाई लात मारता था. मैंने हाथ लगाके देखा था.”

कडक अध्यक्षबाई हसल्या. माझा जीव भांड्यात पडला. शेजाऱ्यांकडे चौकशी, मुलीच्या शाळेतल्या बाईंचा जबाब, सह्या हे सगळं नंतर रीतसर झालंच. शेवटी एका संध्याकाळी ती एवढी मोठी घोडी आईच्या कडेवर बसून फाटकाबाहेर आली. आई तिला बजावत होती, “आमा बोल. अब से आमा.”

“हाँ, भाउजू,” पोर म्हणाली.

इतके दिवस जिच्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता, ती बाई रस्त्यात उभी राहून हसत सुटली. हसता हसता रडली. माझेही डोळे भरून आले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

घरी आले तेव्हा वहिनी मटार सोलत बसली होती. काय मनात आलं कोण जाणे, आयुष्यात पहिल्यांदाच मी दारातून हाक मारली, “आई!”

तिने मान वर केली नाही. कान चांगले ठणठणीत आहेत तिचे. मी पुन्हा म्हटलं, “आई!”

“शेजारी कुणी आलंय वाटतं,” ती स्वतःशीच पुटपुटली.

“वहिनी.”

“आलीस का गं?” तिने लगेच वर पाहिलं. “मी तर सोचलं, आज पण लेट होणार. हात धू आणि बस इथे.”